न्यूरो रेसिडेन्सी, थेट बदली, की आहे तिथेच?

पत्राचा सारांश

पत्र लिहिणाऱ्या परिचारिका एका मोठ्या रुग्णालयाच्या जनरल मेडिसिन वॉर्डमध्ये चार वर्षांपासून काम करतात. त्यांच्या रुग्णालयाने मेंदू आणि मज्जासंस्थेच्या (न्यूरो) रुग्णांच्या शुश्रूषेसाठी एक वर्षाची रेसिडेन्सी, म्हणजे प्रत्यक्ष काम करत शिकण्याचे प्रशिक्षण, जाहीर केली आहे. नव्याने उत्तीर्ण झालेल्यांबरोबर अनुभवी परिचारिकांनाही तिच्यासाठी अर्ज करता येतो. न्यूरो वॉर्ड, स्ट्रोक युनिट आणि न्यूरो आयसीयू येथे आळीपाळीने ड्युटी, आठवड्यातून एक दिवस वर्ग आणि वर्ष संपल्यावर तिथेच नोकरी करण्याचा दोन वर्षांचा बॉण्ड, असे तिचे स्वरूप आहे. त्याच सुमारास न्यूरो आयसीयूमध्ये एक जागा रिकामी झाली असून, दोन आठवड्यांचे ओरिएंटेशन करून थेट बदली घ्या, असे इन्चार्ज सिस्टरांनी त्यांना सुचवले आहे. सहकाऱ्यांचे म्हणणे असे, की चार वर्षांच्या नोकरीनंतर आपल्याहून लहान मुलींच्या हाताखाली पुन्हा विद्यार्थी होण्यात अर्थ नाही; काम करता करता सगळे येते; शिवाय न्यूरोचे पेशंट बरे होत नाहीत, तिथे मन खचते, आणि एकदा त्या विभागाचा शिक्का बसला की दुसरीकडे जाता येत नाही.

त्यांच्या मनात आणखी एक गोष्ट आहे. काही महिन्यांपूर्वी त्यांच्या नाइट ड्युटीत न्यूमोनियासाठी दाखल असलेले एक वृद्ध गृहस्थ होते. दाखल होण्याच्या आदल्या दिवशी ते घरी पडले होते आणि हृदयाच्या त्रासासाठी त्यांना रक्त पातळ करणारे औषध सुरू होते. पडल्याची माहिती केसपेपरवर होती, पण हँडओव्हरमध्ये, म्हणजे पाळी बदलताना रुग्ण सोपवताना, ती सांगितली गेली नाही. दर ६ तासांनी बीपी-पल्स पाहावी, एवढीच ऑर्डर होती. रात्री अकराला ते व्यवस्थित बोलले. दोनच्या फेरीत बीपी आणि पल्स ठीक होती, म्हणून ‘शांत झोपले आहेत’ अशी नोंद झाली. पहाटे पाचला ते हाकेला उठेनात. एका डोळ्याची बाहुली मोठी झाली होती. मेंदूच्या आवरणाखाली रक्त साचले होते. शस्त्रक्रिया झाली, ते वाचले, पण एका बाजूचा अशक्तपणा राहिला. कोणी दोष दिला नाही. तरीही त्या विचारतात: ‘जिला हे कळले नाही, तिने न्यूरोमध्ये जावे का? की तिनेच जायला हवे?’

उत्तर

सिस्टर,

तुमचा प्रश्न रेसिडेन्सीचा आहे, पण तुमच्या पत्राचा निम्म्याहून अधिक भाग त्या एका रात्रीने व्यापला आहे. तेव्हा आधी त्या रात्रीचे बोलू. कारण तिचा हिशेब चुकला, तर पुढचा निर्णयही चुकीच्या पायावर उभा राहील.

कवटी हाडाची असते, ती ताणली जात नाही. आत मेंदू, रक्त आणि मेंदूभोवतीचे पाणी असते, आणि यांतील एकाची जागा वाढली की दुसऱ्याला ती सोडावी लागते. वयोमानाने मेंदू थोडा आक्रसतो, त्यामुळे वृद्ध माणसाच्या कवटीत मोकळी जागा जास्त असते. साचणारे रक्त काही काळ तिथे सामावून जाते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. ती जागा संपली की मात्र थोड्याशा रक्तानेही आतला दाब झपाट्याने चढतो. रक्त पातळ करणारे औषध सुरू असेल, तर धोका आणखी वाढतो. शिवाय बीपी चढणे, नाडी मंदावणे आणि श्वास अनियमित होणे, ही कुशिंग यांच्या नावाने ओळखली जाणारी तीन लक्षणे मेंदूवरचा दाब फार वाढल्यावर, अगदी उशिरा दिसतात. म्हणजे दोन वाजताच्या चांगल्या बीपीने आणि चांगल्या पल्सने तुम्हाला जो दिलासा दिला, तो देण्याची त्या आकड्यांची ऐपतच नव्हती. मेडिसिन वॉर्डमध्ये आपण ज्या नोंदींवर विसंबायला शिकतो, त्या मेंदूच्या बाबतीत सर्वांत शेवटी बदलतात. आधी बदलते ती शुद्ध. आणि रात्री दोन वाजता शुद्ध तपासायची, तर झोपलेल्या माणसाला उठवावे लागते.

त्यांना उठवून तपासा, असे कोणी लिहून ठेवले होते का? ब्रिटनमधील नाइस या संस्थेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, डोक्याला मार लागल्यामुळे निरीक्षणासाठी ठेवलेल्या रुग्णाची शुद्ध पूर्ण असली, म्हणजे जीसीएस (ग्लासगो कोमा स्केल, शुद्ध मोजण्याचे मापन) १५ असला, तरी पहिले २ तास दर अर्ध्या तासाने, पुढचे ४ तास दर तासाने आणि नंतर दर २ तासांनी त्याची तपासणी व्हायला हवी. तुमचे रुग्ण मात्र डोक्याच्या मारासाठी दाखलच नव्हते; पडल्याची नोंद केसपेपरच्या पानावर राहिली, औषधाचे नाव दुसऱ्या पानावर राहिले, आणि ही दोन पाने एकत्र वाचून ‘यांची शुद्ध तपासत राहा’ असे म्हणणारे त्या दिवशी कोणी नव्हते. याचा अर्थ तुमचा काहीच संबंध नव्हता, असे मी म्हणणार नाही. तुम्हालाही ते पटणार नाही. अर्थ एवढाच, की त्या रात्री जे निसटले ते अनेकांच्या हातांतून निसटले, आणि त्यात तुमच्या वाट्याला जो भाग येतो, तो शिकून घेता येण्याजोगा आहे.

म्हणूनच तुमच्या पत्रातील ‘तिनेच जायला हवे’ या वाक्यापाशी मी थोडी थांबले. रेसिडेन्सी प्रायश्चित्त म्हणून करू नका. न्यूरोमध्ये अचूक लक्ष ठेवूनही रुग्ण बिघडतात. मेंदूतील धमनीचा फुगा फुटून रक्तस्राव झालेला रुग्ण पहिले तीन-चार दिवस छान बोलतो, पुढची हानी टाळण्यासाठीच्या निमोडिपिनच्या गोळ्या दर ४ तासांनी वेळेवर दिल्या जातात, आणि तरीही चौथ्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान रक्तवाहिन्या आकुंचन पावून त्याचा एक हात लुळा पडू शकतो. ज्या परिचारिकेने स्वतःला सतत आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले आहे, तिला अशा प्रत्येक वेळी आपलीच चूक दिसते. मग ती एक तर प्रत्येक गोष्टीला घाबरून फोन करत राहते, किंवा पाहणेच टाळते. तुम्ही जाणार असाल, तर मेंदूचा रुग्ण कसा पाहायचा याची तुम्हाला ओढ आहे म्हणून जा. तशी ओढ पत्रात दिसते. घटनेनंतर तुम्ही त्या गृहस्थांचे सीटी स्कॅन रेडिओलॉजीत जाऊन समजून घेतलेत, हे तुम्ही एका वाक्यात उरकले आहे. माझ्या दृष्टीने अर्जात लिहिण्यासारखी सर्वांत महत्त्वाची गोष्ट तीच आहे.

आता सहकाऱ्यांच्या म्हणण्याकडे वळू. ‘काम करता करता सगळे येते’ हे आपल्या व्यवसायात इतक्या वेळा बोलले जाते की ते तपासून पाहण्याची कोणाला गरज वाटत नाही. कामाने हात बसतो, वेग येतो, यात शंका नाही. पण जे आपण चुकीचे पाहतो, तेही कामाने तितकेच पक्के होते. जीसीएसचेच उदाहरण घ्या. ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट यांनी ग्लासगोमध्ये हे मापन तयार केले आणि १९७४ मध्ये ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्याआधी ‘अर्धवट शुद्धीत’, ‘गुंगीत’ असे शेरे लिहिले जात आणि वाचणारा प्रत्येक जण त्यांचा आपापला अर्थ घेई. डोळ्यांचे ४, बोलण्याचे ५ आणि हालचालीचे ६ गुण ठरल्यामुळे एका परिचारिकेने संध्याकाळी पाहिलेले दुसरीला सकाळी ताडून पाहता येऊ लागले. कागदावर हे सोपे दिसते. पण दाब दिल्यावर रुग्णाने हात वाकवला तो साधा वाकवला की विकृत पद्धतीने, यातील फरक पुस्तकातील चित्रावरून कळत नाही. घशात नळी असलेल्या रुग्णाच्या बोलण्याला १ गुण द्यायचा नसून ‘तपासता येत नाही’ अशी नोंद करायची असते, हे वर्षानुवर्षे काम करूनही अनेकींना ठाऊक नसते. आणि बेरीज तेवढी लिहून तीन भाग गाळण्याची सवय तर जवळजवळ सगळीकडे आहे. ही सवय चार वर्षांत जात नाही आणि चाळीस वर्षांतही जाणार नाही, कारण चुकीचे लिहिल्याबद्दल रुग्ण तक्रार करत नाही. ती मोडण्यासाठी शेजारी उभे राहून ‘पुन्हा दाखवा’ म्हणणारे माणूस लागते.

चांगल्या न्यूरो युनिटमधील हँडओव्हर पाहिलात, तर मला काय म्हणायचे आहे ते लगेच ध्यानात येईल. जाणारी आणि येणारी, दोघी परिचारिका बेडजवळ उभ्या असतात. जाणारी नुसते आकडे वाचून दाखवत नाही. ती रुग्णाला हाक मारते, डोळे उघडायला किती वेळ लागला ते दोघी पाहतात, एकच टॉर्च वापरून दोघी बाहुल्या पाहतात, रुग्णाला दोन्ही हात समोर धरायला सांगून कोणता हात हळूहळू खाली घसरतो ते पाहतात, आणि मगच चार्टवर दोघींची सही होते. पुढच्या आठ किंवा बारा तासांत येणारीला जो बदल ओळखायचा आहे, तो कशाच्या तुलनेत ओळखायचा, हे अशा रीतीने तिच्या डोळ्यांत भरते. रुग्णाचे कालचे बोलणे माहीत असेल, तरच आजचे बोलणे किंचित अडखळते आहे हे कळते. न्यूरो शुश्रूषेचे निम्मे कौशल्य या तुलनेत आहे आणि उरलेले निम्मे ती तुलना वेळेवर, स्पष्ट शब्दांत सांगण्यात आहे. रेसिडेन्सीचे मोल मी याच कसोटीवर ठरवते: तुम्ही रुग्ण पाहत असताना, तुम्ही काय पाहता आहात हे पाहणारे माणूस तुमच्या शेजारी किती पाळ्या असणार आहे?

या कसोटीवर दोन आठवड्यांचे ओरिएंटेशन उतरत नाही. न्यूरो आयसीयूमध्ये मेंदूतील पाणी बाहेर काढणारी नळी, म्हणजे ईव्हीडी, तुमच्या हाती येईल. तिची शून्याची पातळी रुग्णाच्या कानाच्या छिद्रासमोर धरायची असते. कोणी पलंगाचे डोके वर केले आणि नळीची पातळी तशीच राहिली, तर पाणी गरजेपेक्षा जास्त वाहून जाते आणि त्यातून रक्तस्रावापर्यंत वेळ येऊ शकते. डोके खाली केले, तर पाणी निघायचे थांबून दाब वाढतो. म्हणून रुग्णाला हलवण्याआधी नळी बंद करणे, हलवल्यावर पातळी पुन्हा जुळवणे आणि मग आठवणीने उघडणे, हा क्रम अंगवळणी पडावा लागतो. क्रम सांगायला पाच मिनिटे पुरतात. पण फिजिओथेरपिस्ट आले आहेत, नातेवाईक दाराशी आहेत, शेजारच्या बेडचा अलार्म वाजतो आहे, अशा वेळी तो न चुकता हातून घडायला काही महिने जातात. स्ट्रोकचा रुग्ण घ्या. रक्ताची गाठ विरघळवणारे औषध दिल्यावर बीपी आणि मेंदूची तपासणी पहिले २ तास दर १५ मिनिटांनी, पुढचे ६ तास दर अर्ध्या तासाने आणि २४ तास पूर्ण होईपर्यंत दर तासाने करायची असते. एका रुग्णामागे त्या दिवसाच्या ३६ तपासण्या होतात. दोन आठवड्यांत तुम्हाला असा एखादा रुग्ण मिळेल, कदाचित मिळणारही नाही. आणि तिसऱ्या आठवड्यात मध्यरात्री तो येईल तेव्हा तुम्ही एकट्या असाल.

इन्चार्ज सिस्टरांचा हेतू वाईट आहे, असे मला मुळीच वाटत नाही. त्यांना जागा भरायची आहे आणि तुमच्यावर त्यांचा विश्वास आहे. मात्र त्यांची गरज आजची आहे आणि तुमचा प्रश्न पुढच्या दहा वर्षांचा आहे.

‘पुन्हा विद्यार्थी’ होण्याविषयी. परिचारिकांचे कौशल्य नवशिकेपणापासून तज्ज्ञतेपर्यंत पाच पायऱ्यांनी कसे वाढते, याची मांडणी पॅट्रिशिया बेनर यांनी १९८० च्या दशकात केली, आणि तिच्यातील एक मुद्दा पायऱ्यांच्या कौतुकात बहुतेक वेळा मागे पडतो: एका विभागात निष्णात असलेली परिचारिका, ज्या प्रकारच्या रुग्णांचा तिला अनुभव नाही अशांमध्ये गेली, की ती खालच्या पायरीवर येते. यात कमीपणा नाही. ही शिकण्याची वाट आहे आणि ती सर्वांना सारखीच लागू आहे. अमेरिकेत २००२ पासून ज्या वर्षभराच्या रेसिडेन्सी रुजल्या, त्या मुख्यतः नव्या परिचारिकांसाठी होत्या. अनुभवी परिचारिका विभाग बदलताना तितक्याच गोंधळतात, फक्त ते बोलून दाखवत नाहीत, हे नंतर लक्षात येऊन त्यांच्यासाठीही अशा सोयी होऊ लागल्या. तुमची प्रीसेप्टर, म्हणजे शेजारी राहून शिकवणारी परिचारिका, वयाने लहान असेलही. पहिल्याच आठवड्यात तिला स्वतःहून सांगा, की ‘रुग्णाशी बोलणे, औषधे, शिरेतून सुई लावणे, नातेवाईकांना सांभाळणे हे मला येते, मेंदूची तपासणी मला पहिल्यापासून शिकवा आणि माझे चुकले तर तिथल्या तिथे सांगा.’ लहान वयाच्या प्रीसेप्टरला मोठ्या बाईची चूक दाखवायला संकोच वाटतो, आणि तो संकोच दूर करण्याचे काम तुम्हालाच करावे लागेल. तो राहिला, तर सगळे वर्ष आदबीत जाईल आणि हाती काही लागणार नाही.

न्यूरोचे पेशंट बरे होत नाहीत, हा समज मला सर्वांत जास्त खटकतो, कारण तो रुग्णांवर अन्याय करतो. गिलाँ-बारे सिंड्रोम, म्हणजे प्रतिकारशक्तीच नसांवर हल्ला करते तो आजार, गंभीर झालेला रुग्ण आठवडेच्या आठवडे व्हेंटिलेटरवर असू शकतो, बोट हलवता येत नाही, पण त्याला सगळे ऐकू येते, सगळे समजते. आणि यांतील बहुतेक जण पुन्हा चालू लागतात. त्या आठवड्यांत त्याला पापणीच्या इशाऱ्याने ‘हो’ आणि ‘नाही’ म्हणायला कोण शिकवते? परिचारिका. स्वतःच्याच प्रतिकारशक्तीमुळे मेंदूला सूज आलेली एखादी तरुणी महिनाभर कोणाला ओळखत नाही, ओरडते, हातपाय झाडते, आणि उपचारांनंतर काही महिन्यांत घरच्यांशी पूर्वीसारखी बोलू लागते. स्ट्रोकच्या रुग्णाला तोंडाने पाण्याचा पहिला घोट देण्याआधी त्याची गिळण्याची क्षमता तपासली, तर अन्न-पाणी श्वासनलिकेत जाऊन होणारा न्यूमोनिया टाळता येतो. ही तपासणी परिचारिकेच्या हातची आहे आणि तिचा परिणाम त्याच आठवड्यात दिसतो. तुम्ही ज्या गृहस्थांविषयी लिहिले आहे, ते वाचले. अशक्तपणा राहिला म्हणून त्यांना ‘बरे न झालेले’ म्हणायचे का, हे त्यांच्या घरच्यांनाच विचारायला हवे.

हेही तितकेच खरे, की काही रुग्ण खरोखर परत येत नाहीत. मेंदू मृत झाल्याचे कुटुंबाला समजावताना छाती वरखाली होत असते, अंग उबदार असते, आणि मुलगा विचारतो, ‘मग हे श्वास कसे घेतात?’ अशा संभाषणात डॉक्टरांच्या शेजारी परिचारिका उभी असते आणि डॉक्टर निघून गेल्यावर तोच प्रश्न तिला पुन्हा विचारला जातो. हे कसे बोलावे, हे शिकवावे लागते आणि असे काही घडल्यावर परिचारिकांना मन मोकळे करायला ठरलेली जागा लागते. रेसिडेन्सीच्या वेळापत्रकात ही जागा आहे का, हे जरूर विचारा. बहुतेक उमेदवार विचारत नाहीत.

शिक्का बसेल या भीतीला मी फार महत्त्व देणार नाही. शुद्ध तपासता येणारी, आकडीचा (फिटचा) झटका ५ मिनिटांपुढे लांबला तर तो थांबवण्यासाठी तातडीचे उपचार लागतात हे ओळखणारी, रुग्णातील बदल नेमक्या शब्दांत सांगणारी परिचारिका इमर्जन्सीपासून पुनर्वसनापर्यंत कोणत्याही विभागाला हवी असते. एक गोष्ट मात्र आताच स्पष्ट करून घ्या. रेसिडेन्सीचे प्रमाणपत्र आणि विशेष विषयातील परीक्षेने मिळणारे प्रमाणन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकन बोर्ड ऑफ न्यूरोसायन्स नर्सिंगसारख्या संस्था परीक्षा घेतात आणि त्यासाठी न्यूरोमधील प्रत्यक्ष कामाचा अनुभव मागतात. रुग्णालयाबाहेर तुमच्या रेसिडेन्सीला कोण मान्यता देते, हे लेखी विचारा.

अ‍ॅनाटॉमी कच्ची असल्याचे तुम्ही लिहिले आहे. संपूर्ण मेंदू पाठ करून कोणी न्यूरोमध्ये येत नाही. मेंदूला रक्त पुरवणाऱ्या मोठ्या धमन्या आणि त्यांतील कोणती बंद पडली की काय जाते, मेंदूतील पाणी कुठे तयार होते आणि कुठून वाहते, बाहुलीला जाणारी नस दाबाखाली का सापडते: एवढ्यापासून सुरुवात करा आणि जे वाचाल ते त्याच आठवड्यात एखाद्या रुग्णावर पडताळून पाहा. ज्या दिवशी ‘डावी मधली धमनी’ हे शब्द एका न बोलू शकणाऱ्या, उजवा हात न हलवणाऱ्या माणसाशी जोडले जातात, त्या दिवसानंतर ते विसरत नाहीत.

माझे मत विचाराल, तर तुम्ही रेसिडेन्सीसाठी अर्ज करावा. पण रेसिडेन्सी या नावाखाली कमी पैशात मनुष्यबळ मिळवण्याचेही प्रकार होतात, म्हणून सही करण्यापूर्वी काही गोष्टी खुल्या मनाने, पण ठामपणे विचारायला हव्यात. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पहिले काही महिने ड्युटी लिस्टमध्ये तुमची गणती पूर्ण स्टाफ म्हणून होणार की नाही. ‘गणती होणार, पण सिस्टर लक्ष ठेवतील’ असे उत्तर आले, तर समजा की ज्या दिवशी दोघी रजेवर असतील त्या दिवशी कोणी लक्ष ठेवणार नाही. मग प्रीसेप्टर एकच असणार की रोज बदलणार, आणि प्रीसेप्टरला त्या दिवशी स्वतःचे किती रुग्ण दिलेले असणार. तिसरे, वर्गाचा दिवस ड्युटीत धरला जातो की सुट्टीतून जातो. तुमची मुलगी लहान आहे आणि तुम्हाला घरही पाहायचे आहे, तेव्हा या एका उत्तरावर तुमचे वर्ष सुसह्य होईल की नाही हे ठरेल. चौथे, कौशल्य आले की नाही हे कोण, कसे ठरवणार. कागदावरच्या टिकमार्कने, की बेडजवळ तपासून. शक्य असेल तर मागील एखाद्या विभागाची रेसिडेन्सी पूर्ण केलेल्या परिचारिकेशी बोला, आणि ती अर्धवट सोडलेल्या एकीशीही बोला. दुसरीकडून जास्त कळेल.

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे असमाधानकारक आली, तर त्या रेसिडेन्सीत आणि थेट बदलीत नावापलीकडे फारसा फरक उरत नाही, आणि बॉण्ड मात्र गळ्यात पडतो. तसे झाले तर बदली घ्या, पण दोन आठवड्यांवर नाही. किमान दहा-बारा आठवडे एका ठरलेल्या प्रीसेप्टरबरोबर ड्युटी द्यावी आणि तोवर ईव्हीडी किंवा नुकतेच गाठ विरघळवण्याचे औषध दिलेला रुग्ण एकटीला देऊ नये, अशी लेखी विनंती करा. जागा भरण्याची निकड त्यांना आहे, त्यामुळे तुमचे म्हणणे ऐकले जाण्याची हीच वेळ आहे.

आणि काहीच जमले नाही, किंवा हे वाचणाऱ्या इतर परिचारिकांच्या रुग्णालयात असे प्रशिक्षणच नाही, तरी आहे त्या वॉर्डमध्ये पुष्कळ करता येते. एका मैत्रिणीला जोडीला घ्या. एकच रुग्ण दोघींनी वेगवेगळा तपासून जीसीएसचे तीन भाग लिहा आणि मग कागद शेजारी ठेवून पाहा. फरक कुठे पडतो ते महिनाभरात कळते. वय जास्त, रक्त पातळ करणारे औषध आणि अलीकडे पडल्याचा इतिहास, असे एकत्र दिसले, की ड्युटी डॉक्टरांना शुद्ध किती तासांनी तपासायची हे विचारून चार्टवर लिहून घ्या. जीसीएस एका गुणाने कमी झाला आणि अर्ध्या तासात सुधारला नाही, तरी डॉक्टरांनी तातडीने येऊन पाहावे असे नाइसचीच तत्त्वे सांगतात. तेव्हा ‘एवढ्याशा’ बदलासाठी फोन करताना संकोच नको. मात्र फोनवर ‘पेशंट जरा गुंगीत वाटतो’ असे म्हणू नका, कारण त्यावर ‘सकाळी पाहू’ हेच उत्तर येते. असे म्हणा: ‘सर, बेड सातचे पेशंट, परवा घरी पडले आहेत, रक्त पातळ करणारे औषध सुरू आहे. अकराला जीसीएस १५ होता, आता १३ आहे. हाक मारल्यावर डोळे उघडतात, बोलणे गोंधळलेले आहे, सांगितलेले ऐकतात. उजवा हात खाली घसरतो, आधी घसरत नव्हता. तुम्ही आत्ता येऊन पाहावे.’ हे बोलायला अर्धा मिनिटही लागत नाही, आणि ते ऐकून फोन ठेवून झोपणे कोणत्याही डॉक्टरला अवघड जाते.

अर्जाची मुदत संपायला अजून वेळ आहे, असे तुम्ही लिहिले आहे. त्याआधी न्यूरो आयसीयूमध्ये एक पूर्ण पाळी केवळ निरीक्षक म्हणून उभे राहण्याची परवानगी मागा. शक्यतो नाइट मागा, कारण तुमची भीती रात्रीची आहे. त्या पाळीत परिचारिका रुग्णांना कसे उठवतात, काय विचारतात, काय लिहितात आणि एकमेकींना कितपत विचारतात, एवढेच पाहा. नंतर बॉण्डचा मसुदा घरी आणून शांतपणे वाचा. मूल्यमापनात अपयश आले, प्रकृतीमुळे सोडावे लागले किंवा रुग्णालयानेच कार्यक्रम मध्येच बंद केला, तर पैसे कोणी कोणाला द्यायचे, हे त्यात स्पष्ट नसेल, तर ते लेखी घातल्याशिवाय सही करू नका.